संमतिपत्र

विद्यार्थिमित्रहो, आणि हा अंक घरीं येतांच तो मुलांच्या आधीं वाचून काढणाऱ्या पालकहो,

शाळा बंद करणें हें काम फार सोपें आहे. वरून हुकूम येतो, शिपाई फाटकास कुलूप घालतो, आणि सायंकाळपर्यंत सर्व आवरतें. मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या सांथीमुळें आपल्या राज्यांतील शाळा अशाच दोनतीन दिवसांत बंद झाल्या. दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता. तो प्रथम पुढें ढकलण्यांत आला आणि शेवटीं रद्द झाला. त्या वर्षीं दहावी झालेले विद्यार्थी अजूनही भेटले म्हणजे हंसत सांगतात, "सर, आमचा भूगोल राहिलाच!" परंतु बंद झालेली शाळा पुन्हा उघडणें हें काम किती कठीण असतें, तें आम्हां शिक्षकांस पुढील दोन वर्षांत कळलें. आज खालच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांस तो काळ नीटसा आठवत नसेल, आणि मोठ्यांस तो आठवूं नये असें वाटत असेल. तरी त्या दिवसांतील एका साध्या कागदाची हकीकत लिहून ठेवण्याजोगी आहे, असें मला वाटतें. तो कागद म्हणजे पालकांचें संमतिपत्र.

सांथीच्या दिवसांत शाळा उघडी ठेवावी कीं बंद, हा वाद कांहीं आपणच प्रथम घातला असें नाहीं. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएन्झाच्या सांथींत अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या शहरांनीं आपल्या शाळा बंद केल्या; न्यूयॉर्क व शिकागो या शहरांनीं मात्र त्या उघड्या ठेवल्या. न्यूयॉर्कच्या आरोग्यखात्याचें म्हणणें असें कीं, दाट वस्तींतील कोंदट खोल्यांत दिवस काढण्यापेक्षां मूल शाळेंत असलेलें बरें. तेथें त्यास मोकळी हवा मिळते, आणि रोज शिक्षकांची व परिचारिकेची नजर त्याच्यावरून फिरते. हें म्हणणें पटण्यासारखें आहे, पण तें ज्या शाळेंत परिचारिका आहे तिच्यापुरतें. आपल्याकडील किती शाळांत ती असते, हें पालकांस ठाऊकच आहे.

आपल्या राज्यानें मधला मार्ग धरला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग, स्थानिक अधिकाऱ्यांस योग्य वाटेल तेथें, उघडण्याची परवानगी मिळाली. त्याआधींच्या आठवड्यांत शिक्षकांनीं नाकाघशाची तपासणी करून घ्यावयाची होती. आमच्या शहरांत (तेव्हां तें अहमदनगर होतें, आतां अहिल्यानगर झालें आहे) आम्ही सर्व मास्तरमंडळी दोन दोन हातांचें अंतर ठेवून उन्हांत रांगेनें उभे होतों. एरवीं मुलांस रांगेंत उभें करणारे आम्ही. त्या दिवशीं एक तरुण डॉक्टरीणबाई आम्हांलाच "पुढें सरका, तोंड उघडा" म्हणून दरडावीत होत्या. पहिल्या दिवशीं राज्यभर सुमारें तीन लाख विद्यार्थी शाळेंत आले, असें वर्तमानपत्रांत आलें. आंकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण त्या चार इयत्तांत मिळून साठ लाखांच्या जवळपास विद्यार्थी होते. म्हणजे विसांतून एक. एका बाकावर एकच मूल या नियमानें बसवूनही माझ्या वर्गांतील निम्मीं बाकें रिकामीं राहिलीं.

२७ जानेवारी २०२१ रोजीं पांचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले, आणि थोडे दिवस जातात न जातात तोंच दुसरी लाट आली. तिचें वर्णन मी येथें करीत नाहीं. ज्या घरांतून माणसें गेलीं त्या घरांतही हा अंक जाणार आहे. एवढेंच सांगतों कीं, मे २०२१ या एका महिन्यांत आमच्या जिल्ह्यांत आठ हजारांहून अधिक मुलांस बाधा झाल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें. त्यांतील बहुतेक मुलें फारसा त्रास न होतां बरीं झालीं. पण असा आंकडा जितका दूर जातो, तितका त्याचा खुलासा जात नाहीं.

म्हणून जेव्हां ४ ऑक्टोबर २०२१ पासून शहरांत आठवी ते बारावी आणि खेड्यांत पांचवी ते बारावीचे वर्ग उघडावयाचें ठरलें, तेव्हां पालकांच्या मनांत आनंदापेक्षां धास्ती अधिक होती. त्यांतून योग असा कीं, नेमक्या त्याच दिवसापासून आमच्या जिल्ह्यांतील ६१ गांवांत, तेथें रुग्ण वाढल्यामुळें, टाळेबंदीचा हुकूम निघाला. एकाच सकाळीं इकडे आमची घंटा वाजली आणि तिकडे कित्येक गांवांच्या वेशी बंद झाल्या.

आतां त्या कागदाविषयीं. शाळेंत येणें सक्तीचें नव्हतें. जे पालक लेखी संमति देतील त्यांच्याच मुलांस वर्गांत घ्यावयाचें होतें. आम्हीं छापून घेतलेला कागद जेमतेम अर्ध्या पानाचा होता. 'माझ्या पाल्यास शाळेंत पाठविण्यास माझी संमति आहे / नाहीं,' असें एक वाक्य, त्याखालीं कंसांत 'नको तें खोडावें,' आणि मग सही. सरकारास व नामांकित डॉक्टरांस ज्या प्रश्नाचा निकाल लावतांना दीड वर्ष चांचपडावें लागलें, तो प्रश्न पालकांनीं एका रेघेनें सोडवावा, अशी आमची अपेक्षा होती! असा कागद असणें जरूर होतें, हें मी नाकारीत नाहीं. पण त्यांत सही करणारा एकटा पालकच होता. शाळेची सही कोठेंच नव्हती, ही गोष्ट त्या वेळीं फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

परत आलेले कागद मीं एकेक करून वाचले. एका गृहस्थांनीं 'आहे' व 'नाहीं' हे दोन्ही शब्द खोडले होते. एका बाईंनीं संमति देऊन खालीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें, 'पण आमच्या सासूबाईंस कळवूं नये.' एका कागदावर नुसताच अंगठा होता, आणि त्या अंगठ्याची शाई शब्दांवर अशी पसरली होती कीं काय खोडलें आहे तें समजेना.

माझ्या घरींही तो कागद आला, कारण माझी मुलगी तेव्हां आमच्याच शाळेंत आठवींत होती. माझी पत्नी परिचारिका आहे. दुसऱ्या लाटेचे ते सर्व महिने तिनें रुग्णालयांत काढले होते. तिनें कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि विचारलें, "तुमच्या वर्गांच्या खिडक्या उघडतात का?" इतकीं वर्षें मी त्या इमारतींत शिकवीत आलों, पण हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मीं जाऊन पाहिलें. आमची इमारत जुनी, दगडी, उंच छताची. खिडक्या पुरुषभर उंचीच्या. परंतु वर्षानुवर्षें तैलरंगाचे थरावर थर बसून झडपा चौकटींना चिकटून गेल्या होत्या. माझ्या वर्गाच्या आठ खिडक्यांपैकीं तीन उघडल्या. मग शिपाई आणि एक सुतार असे दोघे पटाशी व हातोडी घेऊन दोन दिवस त्या कामास लागले. एका झडपेमागून कबुतराचें घरटें निघालें, आणि दुसऱ्या झडपेच्या फटींतून फार जुन्या कोणत्या तरी परीक्षेच्या वेळीं दडवलेल्या बारीक बारीक चिठ्ठ्या. अक्षर मला ओळखूं आलें. पण ते गृहस्थ आतां दोन मुलांचे बाप आहेत, म्हणून मी गप्प बसतों. मागच्या कोपऱ्यांतील एक खिडकी कांहीं केल्या हलली नाहीं, ती तशीच राहिली. पहिल्या वर्षीं आम्हीं सारा भर बाकें पुसण्यावर व हात धुण्यावर दिला होता. पुढें हें अधिकाधिक स्पष्ट होत गेलें कीं, हा रोग मुख्यतः बंद खोलींतील श्वासाच्या हवेंतून पसरतो. अर्थात् उघड्या खिडकीचें मोल अधिक. हें तत्त्व तसें जुनेंच. १९०८ सालीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहरांत क्षयाचें भय असलेल्या मुलांसाठीं एक मोकळ्या हवेची शाळा काढण्यांत आली. तेथें भर हिंवाळ्यांत खिडक्या सताड उघड्या ठेवून मुलांस उबदार पिशव्यांत बसवून शिकवीत. आपल्याकडे तर हिंवाळाही आपल्या बाजूचा!

खिडक्या उघडल्या त्या रात्रीं पत्नीनें कागदावर सही केली.

पहिल्या आठवड्यांत वर्ग विलक्षण शांत असे. मुलें गप्प बसावीं म्हणून आम्ही आयुष्यभर छडी आपटली. त्या दिवसांत तीं आपण होऊन गप्प होतीं, आणि तें गप्प बसणें मुळींच बरें वाटत नव्हतें. सातवींत सोडून गेलेलीं मुलें एकदम नववींत येऊन बसलीं होतीं. विजारी घोट्यांच्या वर चढल्या होत्या, आवाज फुटले होते. मास्कच्या वरचे डोळे पाहून मीं नांवें पाठ केलीं. आणि मधल्या सुटींत डबे उघडून मास्क उतरले तेव्हां सारे चेहरे परके! एका मुलास तर मिशी आली होती. वाचनाची मोडलेली संवयही दिसूं लागली. मोठ्यांचें असें, मग लहानांचें काय विचारावें? 'असर' या पाहणींत ग्रामीण भारतांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचूं शकणारीं मुलें २०१८ मध्यें २७.३ टक्के होतीं, तीं २०२२ मध्यें २०.५ टक्क्यांवर आलीं. पण वाचन पुन्हा शिकवितां येतें. शेजारच्या मुलाशीं बोलावयाचें कसें, हेंच विसरलेल्या मुलास काय शिकवावें, तें आम्हांस कोणत्याही प्रशिक्षणांत सांगितलेलें नव्हतें.

माझ्या हजेरीपटांत एका नांवापुढें मात्र रोज रिकामी चौकट राहूं लागली. त्याचें गांव त्या ६१ गांवांपैकीं नव्हतें. नांव सांगत नाहीं. तो आतां शाळा सोडून पुढें गेला आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारीं, उपासना आटोपल्यावर, मी मोटारसायकल काढून त्याच्या घरीं गेलों. दोन खोल्यांचें घर, दारांत एक गाय, आणि भिंतीस टेकून ठेवलेली, जुन्या चादरीनें झांकलेली एक स्कूटर. त्याचे वडील टेम्पो चालवीत. एप्रिल २०२१ मध्यें ते वारले. मुलगा घरीं नव्हता. तो चुलत्याबरोबर दूध संकलन केंद्रावर कॅन पोहोंचविण्याच्या कामास जाऊं लागला होता, सकाळीं आणि संध्याकाळीं. आईनें चहा केला. मग भिंतीवरील दिनदर्शिकेमागें खोंचलेला आमचा कागद काढून माझ्यापुढें ठेवला. तो कोराच होता.

"सर, ह्याच्या वडिलांना दवाखान्यांत नेलें तेव्हांही असाच कागद पुढें केला होता," ती म्हणाली. "वाचायला वेळ नव्हता. मीं सही केली. त्यांना आंत नेलें, आणि पुन्हा मला ते दिसले नाहींत."

मी कांहीं बोललों नाहीं. ती पुढें म्हणाली, "तुम्ही चांगलें सांगायलाच आलांत. पण ह्याला कांहीं होणार नाहीं, असें तुम्ही लिहून देतां का?"

"नाहीं ताई," मीं म्हटलें, "तसें मला लिहून देतां येणार नाहीं."

ती रागावली नाहीं. उलट माझें उत्तर ऐकून तिला बरें वाटलें असावें, असें मला दिसलें; कारण मग ती मुलाच्या अभ्यासाविषयीं बराच वेळ बोलत बसली. परत येतांना वाटेंत मी विचार करीत होतों. कांहीं होणार नाहीं, हें आम्हांस लिहून देतां येत नव्हतें. पण आम्ही काय करूं, हें तर लिहून देतां येत होतें!

सोमवारीं मीं हें मुख्याध्यापकांजवळ काढलें. ते नियमांस धरून चालणारे गृहस्थ. त्यांनीं परिपत्रकांची सर्व फाईल चाळली आणि म्हणाले, "असें पत्र द्यावें असें कोठेंही लिहिलेलें नाहीं." थोड्या वेळानें पुन्हा म्हणाले, "देऊं नये असेंही लिहिलेलें नाहीं." त्या दिवशीं दुपारीं आम्हीं पालकांस एक पत्र लिहिलें. थंडी पडली तरी वर्गाच्या खिडक्या उघड्या राहतील, म्हणून मुलांस स्वेटर देऊन पाठवावें. एका बाकावर एकच मूल बसेल. कोणी खोंकला किंवा शिंकला तर त्यास वर्गांत कोणी कांहीं बोलणार नाहीं, आणि ताप आला तर त्यास एकटें न पाठवितां कोणी तरी शिक्षक घरीं पोहोंचवील. शाळेंत कोणा शिक्षकास अगर मुलास बाधा झाली तर ती गोष्ट लपविली जाणार नाहीं. त्याच दिवशीं सर्वांस कळविली जाईल. आणि जे पालक आज मुलास पाठवीत नाहींत, त्यांच्या मुलांस दर शनिवारीं फाटकापाशीं आठवड्याचा अभ्यास कागदावर लिहून मिळेल. त्यांची जागा राखून ठेवलेली आहे. खालीं मुख्याध्यापकांची सही, आणि त्याखालीं आम्हां सर्व वर्गशिक्षकांच्या. एका शिक्षकांनीं, तापलेल्या मुलास घरीं पोहोंचविण्याचें कलम वाचून, पेट्रोलचे पैसे कोण देणार असें विचारलें. प्रश्न कांहीं गैर नव्हता. पण सही त्यांनीं केली, आणि पुढें जानेवारींत एका मुलीस सर्वांत लांबच्या गांवीं सोडून येण्याची पाळीही त्यांच्यावरच आली.

त्या पत्रानंतर बरेच कागद सही होऊन परत आले. त्या मुलाच्या आईचा मात्र आला नाहीं. तो स्वतः शनिवारीं येऊं लागला. दुधाचे रिकामे कॅन लावलेली चुलत्याची मोटारसायकल फाटकाबाहेर उभी राही, आणि हा आंत कडुनिंबाखालीं बसून मागच्या आठवड्याचीं गणितें दाखवी. हिशेबांत तो पूर्वींपेक्षां चलाख झाला होता. लिटर, फॅट आणि भाव यांचें गणित त्यास तोंडीं येई. वाचनांत अडखळे. अर्धा तास झाला कीं चुलता हॉर्न वाजवी. दिवाळीनंतर आई सही करील, असें तो म्हणाला होता. पण ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं, भाऊबिजेच्या दिवशीं, आमच्या शहरांतील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागली आणि कोरोनाचे अकरा रुग्ण दगावले. त्यानंतरच्या शनिवारीं तो आला. पण सहीचें नांव त्यानेंही काढलें नाहीं, आणि मींही काढलें नाहीं.

३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांस लस मिळूं लागली. २००७ सालीं किंवा त्यापूर्वीं जन्मलेलीं मुलें तीस पात्र होतीं. त्याच आठवड्यांत, गुरुवारीं, लसीच्या रांगेंत तीं मायलेकरें मला दिसलीं. ती म्हणाली, "सर, सोमवारपासून पाठवितें." मला फार आनंद झाला. आणि त्याच सोमवारपासून, म्हणजे १० जानेवारीपासून, ओमिक्रॉनच्या लाटेमुळें राज्यांतील शाळा पुन्हा बंद झाल्या! हुकूम निघाला शनिवारीं. तो तिला कळविण्याचें काम माझ्याकडे आलें. फोनवर ती क्षणभर कांहीं बोलली नाहीं, आणि मग हंसली. नऊ महिन्यांत ती हंसल्याचें मीं ऐकलें नव्हतें, असें मागाहून मुलानें मला सांगितलें.

२४ जानेवारीपासून शाळा उघडण्यास राज्यानें पुन्हा मुभा दिली. आमची घंटा त्यानंतर कांहीं दिवसांनीं वाजली. त्या दिवशीं तो आपला कागद घेऊनच आला. दिनदर्शिकेच्या खिळ्याचें भोंक त्यावर तसेंच होतें. 'नाहीं' हा शब्द नीट पट्टी लावून खोडलेला होता, सहीखालीं तारीख होती, आणि तारखेखालीं बाईनें आपल्या हातानें दोन ओळी लिहिल्या होत्या: 'खिडकीजवळ बसवावें. पांचच्या आंत सोडावें, दूध घालावयाचें असतें.'

मीं त्यास पहिल्या खिडकीजवळच्या बाकावर बसविलें. आठ दिवस तो तेथें बसला. नवव्या दिवशीं पाहतों तों स्वारी मागच्या कोपऱ्यांत, आपल्या दोन जुन्या सोबत्यांच्या आसपास! मीं खिडकीकडे बोट दाखविलें. तो मुकाट्यानें पुढें आला. दुसऱ्या दिवशीं पुन्हा मागें. त्या कोपऱ्यांतून हळूहळू कुजबूज ऐकूं येऊं लागली होती. मग एके दिवशीं कोणी तरी कांहीं बोललें आणि तो सारा कोपरा खो खो हंसला. त्या दिवशीं शाळा सुटल्यावर मीं शिपायास सुताराकडे पाठविलें. मागची खिडकी तेवढी उघडावयाची राहिली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, प्रार्थनेच्या घंटेआधीं, सुतारानें ती उघडून दिली.